दोरा बांधलेली वायर

दोन वायरी तोडायच्या असतील तर आधी एकीला दोरा बांधायचा, म्हणजे परत जोडताना अदलाबदल होत नाही. जुन्या जालन्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणाऱ्या माझ्या उस्तादांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. मी कोकणातून आलेला, सहावीत शाळा सोडलेला, चोवीस वर्षांचा माणूस. घरी थोरल्या भावाच्या डोक्यात पाट घालून निघालो होतो, त्यामुळे परत जायला तोंड नव्हतं. उस्तादांनी दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली आणि घरून दोघांपुरता डबा आणायला लागले. ती जागा सुटली तर जायचं कुठं, या धास्तीनं मी दिवसातून चार वेळा दुकान झाडायचो.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. विहिरी खोदायची कामं घेणारा एक गुत्तेदार सकाळी सकाळी आपली अमेरिकन गाडी घेऊन आला. हैदराबादेतल्या कुठल्या तरी बड्या घरातून घेतलेली गाडी. तिच्या काचांना फिरवायचा दांडाच नव्हता. बटणाचं एक टोक दाबलं की काच वर, दुसरं दाबलं की खाली. मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकली होती.

गाडी थांबली न थांबली तोच गुत्तेदारानं ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि तोंडात हाणली. ड्रायव्हर केदारखेड्याचा, चाळिशी उलटलेला. तो पडला, टोपी झटकली आणि पुन्हा तिथंच उभा राहिला.

"यानं काच ओढून मोडली," गुत्तेदार म्हणाला. "सांजच्याला चालू झाली न्हाई तर याला ठाण्यात देतो अन् तुमच्या दुकानाला काडी लावतो."

"काडी घरून आणा, साहेब," उस्ताद म्हणाले. "आमच्याकडं बिडीपुरत्याच हायेत."

तो अडत दुकानांकडे निघून गेला. उस्तादांनी फ्यूज पाहिला, ठीक होता. बल्बला दोन वायरी जोडून आम्ही करंट तपासायचा दिवा केला होता, तो लावून पाहिला. ड्रायव्हरजवळच्या बटणापर्यंत करंट बराबर येत होता. मागच्या सीटजवळचं बटण उघडलं, तर आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटलेले.

"हे लई वेळ दाबून धरलंय," उस्ताद म्हणाले. "मागं बसणाऱ्यानं."

ड्रायव्हरनं दोन्ही मुठी मिटून घेतल्या.

दाराचं अस्तर काढलं. मोटरच्या दोन वायरी तोडायच्या होत्या. काच वर नेणारीला मी लाल दोरा बांधला, मग कात्री लावली. मोटरला सरळ बॅटरी जोडली तर ती नुसती घुमत होती, फिरत नव्हती. पितळी चक्राचे तीन दात मोडून त्यातच रुतले होते. काच ज्या खाचेतून सरकते तिथं मी बोट घातलं. बोटाला हिरव्या बांगडीचे तुकडे लागले. त्यांच्यावर काळं पडलेलं रक्त होतं.

तेव्हा ड्रायव्हर बोलला. तीर्थपुरीकडं विहिरीवर सुरुंग उडाला आणि दगड एका मजुराच्या डोक्यात बसला. त्याची बायको धावत गाडीशी आली, आत हात घालून गुत्तेदाराच्या पाया पडायला लागली. नवऱ्याला दवाखान्यात न्या म्हणत होती.

"हे म्हणले, सीट खराब व्हईल. अन् बटण दाबलं. मी म्हणलं, साहेब, बाईचा हात हाय. तरी बोट काढलं न्हाई. मंग मी उतरून काच ओढली." त्यानं तळहात दाखवले. दोन्ही चिरलेले. "त्या मजुराला बैलगाडीत घातलं. अंबडला पोचायच्या आधीच गेल्ता तो."

"अन् ती बाई?" मी विचारलं.

"हाताचं हाड बाहेर आल्तं."

उस्तादांनी दातांच्या जागी पितळ भरलं आणि कानशीनं नवे दात कोरले. मी पॉइंट घासून साफ केले. मग वायरी जोडायचं काम माझ्याकडं आलं. लाल दोरा मला स्वच्छ दिसत होता. मी वायरी उलट्या जोडल्या.

गुत्तेदार आला. ड्रायव्हरला पुढं बसून किल्ली फिरवायला लावली. स्वतः बाहेरूनच अर्ध्या काचेवरून हात आत घालून त्यानं मागच्या बटणाचं खाली न्यायचं टोक दाबलं. काच वर आली. हात कोपराशी अडकला. काच खाली का जात नाही म्हणून तो तेच टोक आणखी जोरात दाबत राहिला. आधी शिव्या देत होता, मग नुसता ओरडायला लागला. त्याची बोटं गळाली तेव्हा मोटर थांबली, पण काच तिथंच राहिली.

"वर जायचं टोक दाब," उस्ताद ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर मांडीवर हात ठेवून आरशात बघत होता. मीही हललो नाही. शेवटी उस्तादांनीच वाकून पुढचं बटण दाबलं.

हात सुटताच गुत्तेदारानं दुसऱ्या हातानं जॅकचा दांडा उचलला. "वायरी कुणी जोडल्या?"

मी एक पाऊल मागं सरकलो.

"मी," उस्ताद म्हणाले.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा पाठीत. तिसऱ्याला ड्रायव्हरनं दांडा धरला आणि गुत्तेदाराला दुकानापुढच्या नाल्यात ढकललं. त्या संध्याकाळी ड्रायव्हर नोकरी टाकून एसटीनं केदारखेड्याला गेला. गुत्तेदार ठाण्यात गेला नाही. आपला हात कसा अडकला हे सांगायचं तर आधी त्या बाईचा हात कसा अडकला तेही सांगावं लागलं असतं.

उस्तादांचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. सदरा मी चढवायचो. पहिल्याच दिवशी बटणं लावताना त्यांनी विचारलं, "दोरा बांधला व्हता का?"

"होय, उस्ताद."

आता माळ्यावरचं बोचकं बांधायचं, असं मी मनाशी धरलं.

"वरचं बटण राह्यलंय," ते म्हणाले, आणि हनुवटी उचलून धरली.