मेळाव्यातली भांडी

मेळाव्याला त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांनाही बोलावलं होतं. उजव्या मनगटाची पट्टी बांगड्यांखाली झाकून विजयमाला नवऱ्याबरोबर, कुंडलिकबरोबर निघाली. मनगट दोन महिने ठणकत होतं. महिनाभर भांडी घासू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर कुंडलिक हसून एवढंच म्हणाला होता, "मग कोण घासणार? मी?"

कुंडलिक शेतकी खात्यात होता. लग्नाआधी, एकसष्ट साली, खेड्यातल्या तरुणांच्या अदलाबदलीच्या योजनेतून तो सहा महिने अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या घरी राहून आला होता. जिल्ह्यातून असे गेलेले नऊजण वर्षातून एकदा सोलापुरात जमत. तिथला ट्रॅक्टर, बर्फ, गाई, सगळं विजयमालाला बारा वर्षांत पाठ झालं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारची पंगत उठली. सवयीनं ती ताटं उचलायला वाकली, तर कुंडलिकचा दोस्त रहिमतुल्ला ओरडला, "वहिनी, ठेवा ते! इथं आम्ही घासतो. तिथली शिस्त आहे."

नऊ पुरुषांनी बाह्या सरसावल्या. कुंडलिक त्यांचा मुकादम. आधी पेले, मग वाट्या, शेवटी ताटं. एका घमेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात कढत.

"चन्नवीर, खरकटं राहिलंय. माझ्या अमेरिकन आईनं परत घासायला लावलं असतं!"

"तू रोज घासायचास बाबा, सहा महिने. आमचं तसं नव्हतं," चन्नवीर म्हणाला.

रोज? विजयमाला उठू लागली. रहिमतुल्लाच्या बायकोनं, जमीलानं, तिचा पदर ओढला. "बैठ गं. तू उठलीस तर हमारेवाले बी हात धुऊन बसतील."

सतरंजीवर बसून ती त्या माणसाकडे बघत राहिली. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागणारा हाच का तो? अभिमान वाटावा की राग यावा, तिला ठरवता येईना.

परतताना टांग्यात तिनं विचारलं, "घरी का नाही मग?"

"तिथली रीत वेगळी."

"आजचं तर सोलापुरातच होतं ना?"

कुंडलिकनं घोड्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "आईला काय वाटेल?"

शुक्रवार पेठेतल्या घरी पोचले तेव्हा सासू सारजाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"विजे, सकाळची भांडी तशीच पडल्यात की."

विजयमाला कधी उलटून बोलली नव्हती. आता तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. "आई, माझा हात चालत नाही. यांना सांगा. यांना छान येतात."

"ह्येला? कुटं शिकला ह्यो?"

"अमेरिकेत. रोज घासायचे."

सारजाबाईंनी लेकाकडे पाहिलं. "इमानात बसवून सरकारनं भांडी घासायला न्हेलं व्हतं व्हय रं?"

"तसं नाही आई, त्या घरच्या बाईनं घरचंच समजून..."

"त्या बाईची घासलीस?" सारजाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "तिची? आन् हितं मी कंबर धरून घासत व्हते तवा?"

सारजाबाईंना पुढं रागवावं की काय करावं ते कळेना. विजयमालाला तर आपण जिंकलो की घर मोडलं, हेच उमगेना.

अखेर कुंडलिकनं बाह्या वर केल्या. मोरीशी गेला, उकिडवा बसला, इकडंतिकडं पाहिलं.

"राख कुठं असते?" त्यानं विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.