दोन लाल तारा

श्यामराव गेल्याची बातमी मला उकव्याला बसच्या कंडक्टरनं सांगितली. बालाघाटहून आलेली बस शाळेसमोर थांबली, तो खाली उतरून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचे भांड्याच्या दुकानवाले दोस्त गेले... सकाळीच. झोपेतच." मी परतीच्या बसनं निघालो. या माणसानं जन्मभर किती गोष्टींची धास्ती घेतली, पण स्वतःच्या मरणाची कधी घेतली नाही, हेच वाटभर मनात येत राहिलं. आता या गोष्टीला काही आठवडे झाले, तेव्हा कुठे लिहायला बसलोय.

माझी बदली उकव्याला होण्याआधी बालाघाटात आमची घरं लागून होती. श्यामराव मुळातच काळजीचा माणूस. दुकानाला कुलूप लावून पुन्हा ओढून बघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत जायचा. त्यात मंदा, त्याची एकुलती लेक, दम्यानं बेजार. हिवाळा लागला की पोरीची छाती भरायची, खांदे वर उचलून ती श्वास ओढायची, आणि श्यामराव दारातून आत, आतून दारात... आजाराला गाड्यांचं वेळापत्रक कळत नाही आणि गोंदियाच्या मोठ्या दवाखान्याकडे नेणारी छोटी रेल्वेगाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्यानं एक जुनी मोटार घेतली. जिल्हा सोडून चाललेल्या एका जंगल ठेकेदाराची होती ती.

ठेकेदाराला शिकारीचा नाद होता. त्यानं टपावर मोठा सर्चलाइट बसवला होता आणि चोरीच्या भीतीनं इंजिन बंद पाडणारं एक चोरबटणही. जाताना दिवा काढून नेला, तारा तशाच सोडल्या. कुठून काय ओढलंय, त्याचं त्यालाच ठाऊक. ब्रेक दाबला की आतला दिवा लागायचा, हॉर्न वाजवला की पुढचे दिवे मंद व्हायचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं अंगणात सतरंजी टाकून एकेक तार धरून तिच्यामागे गेलो. बऱ्याच तारांचा छडा लागला. पण मागच्या सीटखाली दोन लाल तारा कापडी पट्टीत एकत्र गुंडाळून गेल्या होत्या. एक चोरबटणातून इंजिनाची असावी आणि दुसरी त्या सर्चलाइटची, एवढा अंदाज होता. कुठली कोणती, ते कळेना. गोंदियाचा मिस्त्री म्हणाला, सगळंच वायरिंग नवं करावं लागेल, गाडी ठेवून जा. श्यामराव तयार झाला नाही. थंडी पडायला लागली होती. गाडी मिस्त्रीकडे आणि पोरीला अटॅक आला तर?

तो आलाच, एका दुपारी. डॉक्टरांनी सुई दिली, तरी उतार पडेना. ते म्हणाले, गोंदियाला न्या, तिथे ऑक्सिजन आहे, वेळ घालवू नका. श्यामराव गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे वहिनींच्या मांडीवर मंदा. दर थोड्या वेळानं तो मागे न पाहता विचारायचा, "श्वास?" वहिनी म्हणायच्या, "हाय." रजेगावच्या अलीकडे त्यानं एकदम गाडीचा वेग कमी केला.

"गुरुजी, वास येऊन राह्यला का तुमाले?"

"हौ," मी म्हटलं. रबर जळल्याचा वास होता. मागे वळलो तर सीटखालून धूर निघत होता.

आम्ही पोरीला उचलून मोहाच्या झाडाखाली नेलं. श्यामरावानं बॉनेट उघडून बॅटरीची तार ओढून काढली आणि मागची सीट उपसली. पट्टी काळी पडली होती, त्यातल्या दोन्ही तारा काळ्या. एकीचं आवरण सीटच्या स्प्रिंगवर घासून आतली तार उघडी पडली असणार. पण कोणत्या तारेचं? तिला तोडल्याशिवाय बॅटरी पुन्हा जोडता येत नव्हती. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. झाडाखालून मंदाच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती, आणि मला वाटलं, ती बारीक होत चाललीये.

बॅटरीच्या बाजूला तारा पट्टीतून बाहेर पडून दाराकडे वेगळ्या होतात, तिथे श्यामरावानं एकीवर बोट टेकवलं, मग दुसरीवर. दुसरीवरून बोट झटकन मागे आलं. त्यानं पुन्हा तिलाच धरून पाहिलं, सोडेना. चरका बसलेला मला दिसत होता.

मी म्हटलं, "श्यामराव, ही इंजिनाची निघाली तर आपण इथेच राहू."

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "पण हीच तापली हाय." आणि पक्कड दाबली.

तुटलेली टोकं आणि दुसऱ्या तारेचा काळवंडलेला भाग त्यानं रुमालाच्या चिंध्यांत गुंडाळला. बॅटरी जोडली. आम्ही वास घेत उभे राहिलो... काही नाही. किल्ली फिरवली, इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. पुढची सगळी वाट तो फक्त मागे विचारत राहिला, "श्वास?"

संध्याकाळी ऑक्सिजनवर मंदा झोपली. श्यामराव दवाखान्याच्या पायरीवर फोड आलेलं बोट धरून बसला होता. "चुकीची कापली असती तं, गुरुजी?" पुढे मिस्त्रीनं सगळ्या तारा बदलल्या, पोरगी मोठी झाली, दमाही ओसरला, पण हा प्रश्न तो मला अधूनमधून विचारायचा. कधी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना, कधी मंदाच्या लग्नाच्या मांडवात.

तेरवीच्या दिवशी माणसं पांगल्यावर मी ओसरीत त्याच्या खुर्चीत बसलो. ओसरीतली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून असते. ही घराकडे तोंड करून होती, समोर मंदाच्या खोलीचं दार. खोली रिकामी. मंदा सासरी जाऊन किती वर्षं झाली. मी उठून खुर्ची फिरवायला लागलो, तर वहिनी आतून आल्या.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "तथूनच पोरीचा श्वास आयकू येते म्हनत ते."

मी खुर्ची होती तशी ठेवली आणि पुन्हा तिच्यात बसलो.