मामंजींची अंघोळ आणि घुरघुरणारा बंब

लग्नात माझ्याबरोबर कल्याणहून दोन गोष्टी ठाण्याला आल्या. एक माझी बडबड आणि दुसरा तांब्याचा बंब. नौपाड्यातल्या सासरी बडबड खपून गेली. बंबाचं जड गेलं, कारण तो पहाटे बोलायचा.

न्हाणीघराला लागूनच आमची खोली. साखरझोपेत आधी कोळशाचा वास यायचा, मग मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, स्तोत्र. अंघोळ उरकून ते देवघरात गेले की बंब सुरू. आधी घुर्रर्र, मग पोटातून टण्ण, टण्ण. मला वाटायचं, मी कल्याणच्या खाडीवर आहे, होडी काठाला लागतेय, वल्हं फळीवर आपटतंय आणि आई धुक्यातून कुणाला तरी हाक मारतेय.

मामंजींना होडी दिसत नव्हती. "हा एक दिवस फुटणार," ते म्हणाले. "रविवारपर्यंत गप्प झाला तर ठीक. नाहीतर तांबटाकडे मोडीत घालू."

"कल्याणचा आहे तो," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बोलणारच."

आईने दर दिवाळीला ज्या बंबातलं पाणी मला घातलं, तो मोडीत? मी पदर खोचला. डुगडुगणाऱ्या पायाखाली कौलाचा तुकडा सारला, मधल्या नळीतली राख झाडली, आतला पांढरा थर खरवडला, वरून चिंच लावून त्याला नवरदेवासारखा चमकवला. शुक्रवारी पहाटे बंब घुरघुरला. जरा सुरात, एवढंच.

शनिवारी मामंजी देवघरात जाताच मी उठून झाकण उघडलं. बंब अर्धा रिकामा, खाली निखारे लालबुंद. पाणी काढलं की तेवढंच ओतायचं, हे घरात सगळे पाळत. मामंजी सोडून. अंघोळ झाली की ते सोवळ्यात, मग आमच्या हातच्या कळशीला शिवणार कसे? सासूबाई उठेपर्यंत बंब बिचारा कोरड्या घशाने ओरडत असे.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या पदरात तोंड लपवून हसल्या. "तूच सांग बाई. मी तीस वर्षांत त्यांना काही सांगितलेलं नाही."

संध्याकाळी मी मान खाली घालून मामंजींपुढे उभी राहिले. "आमच्याकडे बंबाला पहिलं पाणी वडीलधाऱ्यांच्या हातचं लागतं. घंगाळ भरलं की, अंगावर पहिला तांब्या घेण्याआधी, एक कळशी ओतायची."

"ही कुठली रीत?"

"कल्याणची." ती मी दुपारीच तयार केली होती.

"आणि दुसऱ्या कुणी ओतली तर?"

"तो ऐकत नाही, मामंजी."

रविवारी पहाटे कळशी ओतल्याचा आवाज आला, मग स्तोत्र, मग काहीच नाही. देवघरातून मामंजी म्हणाले, "बघितलंस? हात लागावा लागतो."

बंब राहिला. ती रीत मामंजींनी आळीभर सांगितली, जणू त्यांच्या आजोबांचीच.

मी गोधडीत होडीची वाट बघत पडले होते. होडी आली नाही. तेव्हापासून, माहेरची फारच आठवण आली की, मी आदल्या संध्याकाळी ती कळशी रिकामीच ठेवायची.

"कळशी भरली नव्हती का गं?" मामंजी विचारत.

"विसरले, मामंजी," मी म्हणायची. डोळ्यांत अजून खाडीचं धुकं असायचं.