तोशिएबाईंनी ओढलेली वायर

तोशिएबाई मिझुगुचींना फसवू शकेल असा माणूस जपानमधल्या हिमी गावात अजून जन्माला यायचा होता. एकतीस वर्षं त्या पतपेढीच्या काउंटरवर बसल्या आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी खोट्या नोटेसारखं उजेडात धरून पाहिलं. एकदा एका म्हाताऱ्याला ‘तुमच्या मुलाला अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन आला आणि तो धापा टाकत पैसे भरायला आला. तोशिएबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि चहा संपायच्या आत पोलिसांना बोलावलं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यांच्या घरात देवघराशेजारी टांगलेलं आहे. दुधाने तोंड पोळलं की माणसं ताक फुंकून पितात म्हणे. तोशिएबाईंचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी त्या पाणीसुद्धा फुंकून पीत.

नवरा मासानोबु मात्र अगदी उलटा. शाळेत भूगोल शिकवायचा, आणि जो भेटेल त्याला घरी जेवायला आणायचा. निवृत्त झाल्यावरही त्याची माणसं सुटली नाहीत. दर नव्या वर्षाला तो दोनशे चौदा जणांना शुभेच्छांची कार्डं पाठवायचा. कार्डं करायचा एक प्रोग्राम त्याने फार पूर्वी विकत घेतला होता, त्यात सगळ्यांची नावं-पत्ते होते. डिसेंबर लागला की तो संगणकाच्या खोलीत दार लावून बसायचा, आणि तोशिएबाई बाहेरून विचारायच्या, “एवढं काय लिहिताय त्या लोकांना?” तो म्हणायचा, “काही नाही गं, नेहमीचंच.”

जूनमध्ये तो गेला.

ज्या घरात माणूस गेलं त्या घराला त्या साली नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या नसतात. पण लोकांना कळणार कसं? म्हणून घरच्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीलाच सगळ्यांना शोकाचं कार्ड धाडायचं, की आमच्याकडे असं असं झालं, यंदा माफ करा. ते वेळेत गेलं नाही, तर एक जानेवारीच्या सकाळी पोस्टमन रबर लावलेला गठ्ठा दारात ठेवून जातो, आणि प्रत्येक कार्डावर गेलेल्या माणसाचं नाव आणि खाली ‘नववर्षाचं हार्दिक अभिनंदन’. तोशिएबाई अंत्यविधीला रडल्या नव्हत्या. पण त्या गठ्ठ्याला हात लावायची आपल्यात ताकद नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पत्ते फक्त त्या संगणकात. आलेली जुनी कार्डं चाळून पत्ते काढावेत म्हटलं, तर ती दर फेब्रुवारीत खुद्द तोशिएबाईच कात्रीने कातरून टाकत. कचऱ्यातून कुणी पत्ते उचलले तर? आता त्या स्वतःलाच बोल लावत बसल्या.

त्यात संगणकाचंही त्यांनी वाटोळं करून ठेवलं होतं. ऑक्टोबरात पडद्यावर सूचना आली, की या जुन्या विंडोजची मुदत संपली, नवं यंत्र घ्या. तोशिएबाईंना वाटलं, हा चोरांचा सापळा. त्यांनी सरळ भिंतीतला प्लग उपटला. दुसऱ्यांदा सूचना आली, पुन्हा उपटला. तिसऱ्यांदा उपटल्यावर विंडोज उठलंच नाही.

“वहिनी, गुरुवारी समाजगृहात संगणक मंडळ भरतं,” नणंद किनुए म्हणाली. “इनागाकी-सान जुनी यंत्रं चालू करून देतात. पूर्वी मासेमारीच्या बोटींवरचे रडार दुरुस्त करायचे ते.”

“किती घेतात?”

“काही घेत नाहीत.”

“काहीच नाही?” तोशिएबाईंच्या कपाळाला आठी पडली. “म्हणजे नक्कीच काहीतरी घेतात.”

फुकट ते पौष्टिक मानणारी माणसं जगात असतील. तोशिएबाईंच्या मते फुकटाइतकं महाग दुसरं काही नव्हतं. पण नोव्हेंबर अर्धा संपला होता. किनुएने यंत्र गाडीत घातलं आणि वहिनीलाही.

इनागाकी सत्तरीचे, हडकुळे, बोटं अजून तेलकट वाटावीत अशी. त्यांनी यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाले, “ओकुसान,” म्हणजे बाईसाहेब, “मालकांच्या फायली शाबूत आहेत, विंडोज तेवढं गेलंय. फायली या पेनड्राइव्हवर काढून देतो आणि यंत्रात लिनक्स घालतो.”

“आणि तो पेनड्राइव्ह कुणाकडे राहणार?”

“तुमच्याकडे.”

तोशिएबाईंनी तो रुमालात बांधला आणि रुमाल कमरेला खोचला. मग वही काढली. इनागाकी जे जे टाइप करतील ते ते त्या लिहून घेऊ लागल्या, अक्षर कळो न कळो. पुढेमागे पोलिसांना दाखवता आलं पाहिजे.

“हे लिनक्स कुणाचं?”

“कुणाचंच नाही. सगळ्यांचं.”

“असं कधी असतं का?”

इनागाकी हसले. “तुमचा कार्डांचा प्रोग्राम फक्त विंडोजची भाषा बोलतो. लिनक्सला ती कळत नाही. म्हणून मी मध्ये एक दुभाषी बसवतोय. प्रोग्रामला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत.”

“म्हणजे तुम्ही त्याला फसवताय.”

“तसं म्हणायचं तर, हो.”

तोशिएबाईंनी हेही वहीत लिहून ठेवलं. फसवणुकीची कबुली पहिल्या तासाभरातच मिळाली होती.

दुभाषी नीट बसला की नाही हे बघायला इनागाकींनी आधी विंडोजचा एक जुना माहजोंगचा खेळ चालवून पाहिला. तो खटकन उघडला आणि सोंगट्यांचा आवाज सुरू झाला. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. “बघ किनुए,” तोशिएबाई पुटपुटल्या, “जुगार लगेच चालतो. काम मात्र अजून नाही.”

मग कार्डांच्या प्रोग्रामची सीडी घातली. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा नंबर मागितला. तोशिएबाईंनी इनागाकींना तोंड फिरवायला लावलं आणि डाव्या हाताचा आडोसा करून उजव्या हाताच्या एका बोटाने तो नंबर घातला. त्यात दोनदा चुकल्या. इनागाकी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसून राहिले.

“आता फॉन्ट उतरवून घेऊ, म्हणजे अक्षरांचे साचे,” ते म्हणाले आणि चहा घ्यायला उठले. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

पट्टी पुढे सरकतेय, म्हणजे काहीतरी जातंय. काय जातंय? कमरेचा रुमाल सोडून पेनड्राइव्ह आत्ताच यंत्राला लावला होता. दोनशे चौदा पत्ते! म्हाताऱ्या माणसांचे पत्ते किती मोलाला जातात हे पतपेढीत सगळ्यांना ठाऊक असतं. तोशिएबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलाखाली पाय सरकवला आणि स्लिपरच्या टोकाने इंटरनेटची वायर ओढली. पट्टी थांबली. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. थोड्या वेळाने त्यांनी वायर पायानेच होती तशी ढकलून ठेवली.

इनागाकींनी परत येऊन प्रोग्राम उघडला. यादी उघडली. ओळीमागून ओळी, आणि प्रत्येक ओळीत नुसते पोकळ चौकोन, सोयाच्या पनीरचे तुकडे मांडावेत तसे. नावाच्या जागी चार चौकोन, गावाच्या जागी पाच.

“आपण याला तोफू म्हणतो,” मागून कुणीतरी म्हणालं. “सगळ्याचा तोफू झाला!” दोघंतिघं हसले.

तोशिएबाई उभ्या राहिल्या. “माझ्या नवऱ्याची माणसं कुठं नेलीत?”

“ओकुसान, माणसं आतच आहेत. दाखवायला साचे नाहीत, म्हणून...”

“मला शिकवू नका. नावं काढून घेतलीत आणि रिकामी खोकी दाखवताय. चोर आहात तुम्ही.”

हसणाऱ्यांनी खुर्च्या मागे ओढल्या. इनागाकींनी हातातला कप खाली ठेवला. किनुए शरमेने लालबुंद झाली आणि सगळ्यांना वाकून वाकून माफी मागत वहिनीला बाहेर घेऊन गेली. यंत्र आणि पेनड्राइव्ह तिथेच राहिले.

आठवडाभर तोशिएबाई फोनजवळ बसून होत्या. मंगळवारी कुणाचातरी फोन आला, छप्पर दुरुस्त करायचंय का म्हणून. झालं, यादी विकली गेली! बुधवारी समुद्रावर ढग गडगडले; या गडगडाटानेच हिमीत माशांचा मोसम सुरू होतो, म्हणून शेजारी खूश झाले, आणि तोशिएबाई कॅलेंडरवरचे दिवस मोजत राहिल्या. दोनशे चौदा घरांत लोक आता कार्डं विकत घेत असतील. गुरुवारी त्या समाजगृहात गेल्या त्या पेनड्राइव्ह आणि यंत्र परत घेऊन थेट पोलीस चौकी गाठायला.

इनागाकींनी नेहमीसारखी मान लववली. “बरं झालं आलात. मी नोंदी पाहिल्या. फॉन्ट अर्ध्यावर तुटलेत. गेल्या गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी.” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर वळवली. “इथलं इंटरनेट कधीकधी जातं. आज पुन्हा उतरवू.”

समाजगृहाचं इंटरनेट कधीही जात नव्हतं, आणि ते तोशिएबाईंना त्यांच्या आवाजावरूनच कळलं. एकतीस वर्षं माणसांचं खोटं ऐकलेल्या बाईला हे एवढं ओळखता आलं, आणि पहिल्यांदाच दुसऱ्याचं खोटं ऐकून तिने मान खाली घातली. पाय मात्र खुर्चीखाली घट्ट ओढून धरले.

हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. यादी उघडली. आबिको, आसानो, इमामुरा. सगळी माणसं आपापल्या गावांसकट जागेवर होती. तोशिएबाईंनी चष्मा पुसला आणि मोजायला सुरुवात केली. दोनशे चौदा भरली.

“उजवीकडे अजून एक रकाना दिसतोय, टिपणांचा,” इनागाकी म्हणाले आणि त्यांनी पडदा सरकवला.

मासानोबुने तिथे बारीकसारीक लिहून ठेवलं होतं. कुणाला नातू झाला, कुणाचा गुडघा दुखतो. पण काही ओळी वेगळ्या होत्या. घरातल्या जमिनीवरच्या चटया बदलणाऱ्या कारागिरापुढे लिहिलं होतं, ‘तो घरात असताना तोशिएने कपाटाचं कुलूप दोनदा तपासलं. त्याने पाहिलं. दरवर्षी दोन ओळी हाताने.’ कानाझावा शहरातल्या चुलतभावापुढे, ‘नुसता भेटायला आला होता. तोशिएला वाटलं, विमा विकायला आला. दरवर्षी दोन ओळी हाताने.’ अशी एकोणीस नावं होती. दार लावून डिसेंबरभर तो माणूस बायकोने तोडलेली माणसं एकेक करून जोडत बसला होता, आणि तिला त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

एकोणिसावं नाव किनुएचं होतं. ‘आईची अंगठी. तोशिएने किनुएवर संशय घेतला. पुढे अंगठी तोशिएच्याच शिवणाच्या डब्यात सापडली, तिने सांगितलं नाही. मी सांगितलं.’

अंगठी सापडली ते आपल्याखेरीज कुणाला माहीत नाही, असं तोशिएबाई बावीस वर्षं समजत होत्या. त्यांनी मागे पाहायचं टाळलं, पण किनुए मागेच उभी होती आणि तिला वाचता येत होतं.

“दादाने तेव्हाच सांगितलं होतं गं वहिनी,” किनुए म्हणाली.

“मग तू काहीच कशी बोलली नाहीस?”

“वाट बघत होते. तू कधीतरी सांगशील म्हणून.”

तोशिएबाई रडल्या. जूनमध्ये राहिलेलं सगळं रडणं त्या समाजगृहाच्या घडीच्या खुर्चीत बसून रडल्या. माहजोंगवाल्यांनी आवाज बंद केला आणि कुणीतरी चहा आणून ठेवला. तो त्यांनी न फुंकता घेतला आणि जीभ भाजून घेतली.

“किनुए, मला माफ कर,” त्या म्हणाल्या. मग नाक पुसून विचारलं, “शोकाच्या कार्डावर हाताने काही लिहितात का गं?”

“नाही वहिनी. नुसतं छापील असतं. तसा रिवाज आहे.”

“असू दे. एकोणीस कार्डांवर मी लिहिणार.”

कार्डं छापायला दुपार गेली. प्रिंटरने दोनदा कागद गिळला, पण पाचच्या सुमारास दोनशे चौदा कार्डं करड्या गठ्ठ्यात बांधून झाली. इनागाकी यंत्र बंद करायला वाकले, तशा तोशिएबाई म्हणाल्या, “थांबा. तुमचा पत्ता सांगा.”

“माझा?” इनागाकी मागे सरकले. “माझा पत्ता कशाला हवाय तुम्हाला?”

“सांगा हो, विकणार नाही मी.”

त्यांनी सांगितला. तोशिएबाईंनी यादीच्या खाली नवी ओळ उघडली आणि एका बोटाने नाव घातलं, पत्ता घातला. मग उजवीकडच्या रकान्यात जाऊन, हाताचा आडोसा न करता, सगळ्यांसमोर सावकाश टाइप केलं, ‘तोशिएने चोर म्हटलं. वायर तोशिएनेच ओढली होती. दरवर्षी दोन ओळी हाताने.’