फरशीवर एकही तार नको

उलव्यातल्या सातमजली इमारतीच्या गच्चीवर संघप्रिया मोहितेनं पाच मीटरची ॲल्युमिनियमची नळी उभी केली आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गहजब उडाला. शेजारी विमानतळ, या बाईच्या अँटेनानं विमानं भरकटतील. टीव्हीवर मुंग्या येतील. केस गळतील, असंही एकानं लिहिलं. त्याचे आधीच गळलेले होते, ही गोष्ट वेगळी. संघप्रियानं हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं रेडिओवरून दूरच्या माणसांशी बोलण्याचं, सरकारी लायसन्स ग्रुपवर टाकलं, तेव्हा मात्र सगळे मूग गिळून बसले.

ती बेचाळीस वर्षांची. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात एकोणीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या आणि चोकच्या कॉइल गुंडाळतेय. त्या कॉइल पुढं कुठं जातात हे तिला कुणी सांगत नाही, आणि तिलाही तिथं कुणी काही विचारत नाही. रेडिओवर मात्र ती स्वतःच्या नावानं बोलते. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा मिळवलेलं ते बोलणं होतं. ते कुणाच्या सांगण्यावरून सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

सेक्रेटरी दिनानाथांनी बुधवारी मीटिंग घेऊन ठराव केला: गच्चीच्या फरशीवर एकही तार दिसता कामा नये. रविवारी अकरापर्यंत तारा गेल्या नाहीत, तर नळीही उतरवणार. "मॅडम, लोक पाय अडकून पडतील. उगाच टेन्शन नको," ते म्हणाले. आजवर कुणीही पडलं नव्हतं. पण उभ्या अँटेनाला खाली चहूबाजूंना पसरलेल्या तारा लागतात, झाडाला मुळं लागतात तशा. त्या काढल्या की नळी नुसती कपडे वाळत घालायच्या कामाची.

संघप्रियानं शनिवारी रजा टाकली. तारा उचलल्या आणि वर्कशॉपातल्या सवयीनं नळीच्या बुंध्याशी त्यांची घट्ट, देखणी कॉइल गुंडाळली. तारा आहेतही आणि फरशीवर नाहीतही! मग मीटर लावला. पाठवलेल्या ताकदीतली किती परत फिरते ते हा मीटर दाखवतो. काटा दीडच्या खाली हवा. तो चारच्या पुढं जाऊन बसला. नळीची लांबी बदलायला तिनं तिच्या आत बसवलेली वरची नळी एक बोट सरकवली, दोन बोटं सरकवली. काटा ढिम्म. मग तिनं कपाळावर हात मारला. चोकचं कामच करंट अडवायचं, आणि तिनं आपल्या हातानं अँटेनाच्या पायाशी चोक बसवला होता.

राग आला तिला, दिनानाथांचा आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. तशीच रागानं ती गच्चीभर येरझाऱ्या घालू लागली आणि शेडपाशी थबकली.

अर्धी गच्ची त्या लोखंडी पत्र्याच्या शेडनं व्यापली होती. दिनानाथांनी ती सोसायटीसाठी म्हणून बांधली, कुलूप स्वतःचं लावलं आणि आत स्वतःचं जुनं फर्निचर भरलं. कुणी विषय काढला की शेड सोसायटीचीच आहे, असं ते मीटिंगमध्ये तोंड भरून सांगत. संघप्रियानं वर बघितलं. एवढा लांबरुंद पत्रा असताना तारा हव्यात कशाला?

सातव्या मजल्यावरच्या खैरुन्निसाभाभी शिडी घेऊन आल्या. "मी धरलीय गो, तू बघ तुझा मीटर," त्या म्हणाल्या. संघप्रियानं पॉलिशपेपरनं पत्र्याचा रंग खरवडला, तारा जोडल्या होत्या त्या केबलच्या बाहेरच्या तांब्याच्या जाळीपासून चार पट्ट्या नटबोल्टनं पत्र्याला आवळल्या आणि शेडच्या छपरावर पीव्हीसीच्या ठोकळ्यावर नळी उभी केली. अडीच. नळीत नळी दोन बोटं सरकवून क्लिप आवळली. एक पॉइंट नऊ. आणखी एक बोट. एक पॉइंट दोन! भाभींनी खालूनच दुवा दिली.

रविवारी अकराला दिनानाथ पाना घेतलेली दोन माणसं घेऊन वर आले. फरशी स्वच्छ होती. तिनं झाडूनही काढली होती. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या शेडवर? कुणाला विचारून?"

"तुमची?" संघप्रिया म्हणाली. "मीटिंगमध्ये तर सोसायटीची म्हनता. तुमची असेल तर तसं लेखी द्या, मी आत्ता उतरवते. मग सोसायटीच्या गच्चीवर तुमची शेड कशी, ते पन मीटिंगमध्येच बघू."

पानेवाले एकमेकांकडे बघू लागले. दिनानाथांनी नळीकडे बोट दाखवलं.

"चालतो तरी का तो?" ते म्हणाले. "नुसता शोभेचा दांडा!"

रेडिओ बॅटरीला जोडून स्टुलावर ठेवला होता. तिनं माइक उचलला. काटा खाली आला म्हणजे कुणी ऐकेलच असं नसतं. तिनं हाक दिली. नुसती खरखर. पुन्हा दिली. पुन्हा खरखर. दिनानाथ हसले. तिनं तिसऱ्यांदा हाक दिली, आणि खरखरीतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज हिंदीत आला. गुवाहाटीहून बोलत होता. तुमचा आवाज खणखणीत येतोय म्हणाला, आणि नाव विचारलं.

संघप्रियानं दिनानाथांच्या डोळ्यांत बघत बटण दाबलं.

"संघप्रिया मोहिते, उलवे, नवी मुंबई," ती म्हणाली. "आवाज कैसा आता है, वो एक बार फिर बोलो. जरा जोर से. हमारे सेक्रेटरी बाजू में खडे हैं, उनको भी सुनने दो."