पडक्या बुरुजाचं काम कोणाला?

आमच्या गावाच्या जुन्या तटाला धरून पालिकेने बाग केली, त्याला आता काही वर्षं झाली. मी तिथे राखणीला आहे. शाळा नववीत सुटली आणि बोलायची सवय आधीपासूनच कमी. पण गप्प बसणाऱ्या माणसाजवळ लोक येऊन बोलतात, आणि मग त्याच्याकडे गोष्टी साठत जातात. संध्याकाळी झाडांना पाणी देऊन झालं की आम्ही तटाच्या पायरीवर बसतो. तिथे जे साठलं, त्यातलं थोडं सांगतो.

बसणारे आम्ही तिघं. गौतममामा माळी. रहीमचाचा गवंडी, चुन्यात दगड बसवणारा गावातला शेवटचा माणूस. आणि मी. मागच्या पावसाळ्यात पश्चिमेचा बुरूज ढासळला. तो चाचांनी चुन्यात बांधायचा की ठेकेदाराने सिमेंटमध्ये, हे वरच्या ऑफिसातले एक साहेब येऊन ठरवणार होते. नमुना म्हणून चाचांनी दाराजवळचा दहा-बारा हात पडका तट बांधून ठेवला होता. "गुडघे चालून राहिले तवर हा बुरूज एकदा हातून व्हावा," एवढंच ते म्हणायचे. साहेबांची वाट बघण्यात सहा महिने गेले. हे किस्से त्या सहा महिन्यांतले.

*

जवळा बाजारहून एका शाळेची सहल आली. मॅडमनी मामांना विचारलं, "हा तट किती जुना आहे हो?"

मामा आळ्यात पाणी सोडत होते. म्हणाले, "म्या कामाला लागलो तव्हा जुनाच व्हता."

"तसं नाही. बांधला कोणी?"

मामांनी पाइप दुसऱ्या झाडाला लावला. "नाव राजाचं असंल. बांधला आमच्यासारख्याच कोणीतरी."

मुलांनी दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली.

*

तटावर कोणी चढलं तर वाजवायला मला शिट्टी मिळाली आहे. पहिले पंधरा दिवस ती माझ्या खिशातच होती. चारचौघांत शिट्टी वाजवायची म्हणजे सगळे माझ्याकडे बघणार. म्हणून कॉलेजची पोरं फोटो काढायला वर चढली की मी नुसता खाली जाऊन उभा राहायचो. थोड्या वेळाने ती आपणहून उतरायची.

मामा हे रोज बघत होते. एक दिवस म्हणाले, "शिट्टी परत देऊन टाक बाबा. तू खाली उभा राहिला की त्या पोरायला वाटतं, हा आता रडतो."

*

चाचांचा चुना नुसता चुना नसतो. त्यात घालायला ते बेलाचा गर, गूळ आणि हिरडा पाण्यात भिजत ठेवतात. तो माठ सावलीला, बाकाशेजारी असायचा. सकाळी फिरायला कुरुंद्याकडचे एक रिटायर गुरुजी येतात. त्यांना वाटलं, पालिकेने फिरणाऱ्यांसाठी काढा ठेवला. त्यांनी पेलाभर प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला. आठव्या दिवशी ते बाटली घेऊन आले आणि चाचांना म्हणाले, "चाचा, फार गुणकारी आहे. पोट एकदम साफ. काढा कोण बनवतं?"

चाचा माठाकडे बघत राहिले. आठवडाभर ते पाणी रोज कमी का होतं, याचा हिशेब त्यांना लागत नव्हता.

"म्याच बनवतो," चाचा म्हणाले. "गुरुजी, पेलाभर घेत जावा, तकलीफ न्हाई. पण बाटली नगं. तटाला कमी पडून राहिलं."

गुरुजींना तटाचं काय ते कळलं नाही. ते अजून पेला घेऊन येतात.

*

तटाला लागून कौसाबाईचं घर आहे. तिच्या सासूच्याही आधीपासून तटाच्या दगडात एक खुंटी आहे, तिला धुण्याची दोरी. एकदा पालिकेचा माणूस येऊन तिला खुंटी काढायला सांगून गेला. तिने मला हाक मारली.

"लेकरा, ती नवी पाटी वाचून दाखव बरं. मला येत न्हाई वाचता."

मी वाचलं, "हा तट पुरातन आहे. यात खिळे ठोकू नयेत."

"बरं. अन् पाटी कशावर हाय?"

मी जवळ जाऊन पाहिलं. पाटी तटावर होती. चार कोपऱ्यांना चार खिळे.

"काहून गप झालास?" ती म्हणाली आणि लुगडं पिळायला लागली.

खुंटी आहे तिथेच आहे. पाटीही.

*

ठेकेदारानेही बुरुजाच्या पायथ्याशी सिमेंटचा एक नमुना करून ठेवला. गुळगुळीत, वर पांढरा रंग. चाचांना मुद्दाम बोलावून दाखवला.

"सांगा चाचा, कसं झालं?"

चाचांनी चष्मा पुसला, नीट पाहिलं, हात फिरवला. "चांगलं झालं," म्हणाले. "संडासाचं भांडं कव्हा बसवता?"

मामा तीन दिवस एकटेच हसत होते.

*

शेवटी साहेब आले. तरुण होते, हातात फाईल, फाईलमध्ये दाराजवळचा तट पडलेला असतानाचा फोटो. बरोबर ठेकेदार. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि मामांनी त्या दिवशी त्यावरून त्यांची थट्टा केली नाही.

साहेब दाराजवळच्या तटासमोरून दोनदा गेले. फोटो पाहिला, तट पाहिला.

"नवीन काम कुठून कुठपर्यंत आहे?"

"झालं असंल तर दिसंल ना साहेब," ठेकेदार म्हणाला.

मला सांगायचं होतं की मी रोज इथे उभा होतो, एकेक दगड बसताना पाहिला आहे. पण मी खिशातला, पाण्याच्या पाळ्या लिहायचा खडू चाचपत राहिलो.

"तुमीच शोधा साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडून खडू घेतला आणि अंदाजाने चार दगडांवर फुल्या मारल्या. चाचा वाकून एकेक फुली बघत गेले.

"हा माझ्या अब्बाच्या हातचा. हा बी. हे दोन त्याच्या आधीचे, कोणाचे ते मला ठाव न्हाई."

साहेबांनी खडू पुढे केला. "मग तुमच्या दगडांवर तुम्ही खुणा करा."

चाचांनी खडू घेतला. तटावर हात ठेवून पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. एका दगडाशी थांबले, मान हलवली. ठेकेदार हसला. चाचांनी मग गुडघ्यावर हात टेकला, हळूहळू खाली बसले आणि जमिनीवरच्या फरशीवर एक रेघ मारली.

"इथं बसून सुरू केलं, एवढं ध्यानात हाय," ते म्हणाले. "वर कुठवर गेलो, ते आता मला बी दिसून न्हाई राहिलं."

साहेब रेघेकडे बघत होते, मग तटाकडे. त्यांनी फाईल बंद करून काखेत धरली आणि चाचांना उठायला हात दिला.

"चला," ते म्हणाले, "पडका बुरूज दाखवा."