तोंड आधी उघडतं

माझ्या बहिणीचा चेहरा कोणाला माहीत नाही, तरी लोक तिला रस्त्यात थांबवतात. गर्दीत तिनं नुसतं "जरा बाजूला व्हा हो" म्हटलं, की पुढचा माणूस गर्रकन वळतो. "अय्या, तुम्ही त्या पोराचा आवाज ना?"

हो बाबा, त्या पोराचा. ती जुनी जपानी मालिका. मिठाचं वाळवंट, त्यावरून चाकांवर चालणारी लाकडी जहाजं, आणि जहाजांना वाट दिसावी म्हणून पुढं दिवे लावत जाणारा एक पोरगा. मालिकेचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की समोरचं गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं आणि माझं काम पडून राहतं. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. वय वाढतं तशी लोकांची कंबर माझ्याकडं येते.

माझा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. टक्कल पडायला लागलं, पण मालिकेचा विषय निघाला की अजून शाळेतलं पोर होतो. मी कार्टून म्हटलं की चिडतो. "आई, ॲनिमे म्हण. जगातली सर्वांत महान मालिका आहे ती."

"महान कसली? अर्धा वेळ जहाजाचं चाक रुतलेलं असतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. डोळ्यांत पाणी येतं ते खाली पडायला आठवडा लावतं."

"तू पूर्ण बघितलीस तरी का?"

"शितावरून भाताची परीक्षा."

मग तो त्याचा हुकमी पत्ता काढतो. "सगळं सोड, तो एक भाग बघ. पोराची आई जहाजाच्या फळ्यांवर पडलेली असते. तो दिवा घेऊन येतो. दिवा खाली ठेवतो. तोंड उघडतो, आणि आवाजच येत नाही. किती वेळ येत नाही! आणि मग 'आई' म्हणून जे काही येतं ना..." त्या शांततेवर म्हणे लोक तास-तास बोलतात. दुसऱ्या कुठल्या भाषेत ती शांतता नाही, मूळ जपानीतही नाही. फक्त आपल्या मराठी आवाजात आहे. आणि तो आवाज माझ्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या मावशीचा.

घरात तिला आम्ही चिमणी म्हणतो, आवाजावरून. तिनं तिशी ओलांडली तरी फोन उचलला की पलीकडून यायचं, "बाळा, आईला दे." हीसुद्धा वाद न घालता आईला द्यायची. मालिका मराठीत आणणाऱ्यांना पोराचा आवाज हवा होता, पण खरी पोरं घेतली की मालिका संपायच्या आधी त्यांचा आवाज फुटतो. म्हणून बाई शोधत होते. चिमणी बसस्थानकावर घोषणा करायची, तिथं कोणीतरी ऐकली आणि नेली. मालिका संपली, ही परत स्थानकावर. अमुक गाडी तमुक फलाटावर. लग्न केलं नाही. आई आणि ती, दोघींच्या दोन खोल्या, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर.

आईनं तो भाग एकदा बघितला होता. बघून तिला म्हणाली, "काय गं, मी मेल्यावर माझ्यासाठी रडशील का असं?"

चिमणी म्हणाली, "याचे पैसे मिळाले. तुझ्यासाठी फुकट रडेन."

केवढ्या हसल्या होत्या दोघी.

आई गेली ती सकाळची, चहाचा कप हातात असताना. कप पडलासुद्धा नाही, मांडीवर तसाच राहिला. मी रडले, माझ्या मुलानं रडून घेतलं, लांबून आलेले नातेवाईक गाडीतून उतरता उतरता रडले. चिमणी रडली नाही. आत्या तर सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टीव्हीत ऊर फुटेस्तोवर रडते आणि सख्ख्या आईसाठी डोळ्यांत टिपूस नाही. काळीज आहे का दगड?"

माझ्या नाकावर राग असतोच. मी म्हटलं, "आत्या, तुमचं रडून झालं ना? मग चहा घ्या आणि बसा."

पण दिवस गेले तसं मलाच भ्यायला झालं. ती कामावरून यायची आणि आईच्या खुर्चीत बसायची. खांद्यावरची पिशवी खांद्यावरच. अंधार पडला तरी दिवा लावायची नाही. ताट पुढं ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर नाही. "चिमणे, पिशवी तरी काढ" म्हटलं की काढायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

स्थानकावरचे साहेब एकदा दुकानात आले, पँटचं निमित्त काढून. म्हणाले, "ताई, एक विचारू? त्यांची एकही घोषणा चुकत नाही. पण प्रवासी विचारतात, बाईंना काढून मशीन बसवलं का?"

डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, शरीर ठणठणीत आहे, त्यांना एकदा रडू द्या. रडू द्या म्हणे! मी काय नळ धरून ठेवलाय?

माझंही काही धड चाललं नव्हतं म्हणा. पहिल्या दिवशी रडले तेवढंच. नंतर सगळं कापसातून ऐकू आल्यासारखं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला. सुई बोटात गेली, रक्त कापडाला लागलं तेव्हा कळलं. पण मी उठत होते, ओरडत होते, भाव करत होते. ही तर बसल्या बसल्या विझत चालली होती. आईच्या मागोमाग ही पण जाणार, आणि मी नुसती बघत राहणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरायचं.

अशात स्टुडिओतून फोन आला. मालिका नव्यानं येतेय, चित्र स्वच्छ करून, सगळे आवाज नवे घालून. पोराचा आवाज एका नव्या मुलीनं दिलाय. फक्त ते रडणं जुनंच ठेवायचंय, तुमचं. कायद्यानं विचारायची गरज नाही, पण मान म्हणून बोलावतोय. चिमणी "बरं" म्हणाली. ती तेव्हा सगळ्यालाच बरं म्हणायची. मी दुकानाला कुलूप घातलं आणि सोबत गेले.

खोली लहान. भिंतींना जाड कापड, मधे काच, काचेपलीकडं बटणांचं टेबल. दिग्दर्शक माझ्या मुलाच्याच वयाचा, भला माणूस. त्यानं चिमणीला वाकून खुर्ची दिली. कोपऱ्यात ती नवी मुलगी, हातात पाण्याची बाटली, चिमणीकडं बघत उभी. बसायचंच विसरली होती.

"मावशी, एकदा ऐकता का?" दिग्दर्शकानं विचारलं.

"नको," चिमणी म्हणाली. "ते काढून टाका."

"काय काढू?"

"रडणं. हिला रडायला सांगा."

तो हबकलाच. "मावशी, असं कसं? मालिका आज एवढी मोठी मानतात ती त्या जागेमुळं. तोंड उघडतं आणि आवाज येत नाही. दुःख एवढं मोठं की आधी आवाजच फुटत नाही. हे तुम्हाला तेव्हा सुचलं कसं?"

"सुचलं नाही. तोंडात गोळी होती."

"गोळी?"

"घशाची. ती गालात सरकवत होते, तेवढ्यात लाल दिवा लागला. पडद्यावर पोराचं तोंड आधी उघडलं, मी मागून आले. परत करू म्हटलं, तर रेकॉर्डिंगवाले म्हणाले, वेळ संपली, चालतंय, कार्टून तर आहे, कोण बघतंय."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा. तास-तास चर्चा, महान शांतता, आणि आत काय, तर खोकल्याची गोळी! दिग्दर्शक पण हसला. मग म्हणाला, "असेल चूक. पण मावशी, आम्ही पोरं तेवढा वेळ श्वास धरून बसायचो. तो काही चुकून नाही धरला."



नवी मुलगी पुढं आली. "मावशी, मी ते करणार नाही. मला स्टुडिओवाल्यांनी आधी दोनदा सांगितलं, मी दोनदा नाही म्हटलं." आणि मग घाईघाईनं, एका दमात बोलली. "माझे बाबा गेले तेव्हा मला रडूच येईना. सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग मी दार लावून तो भाग लावला. त्यात त्याचं तोंड उघडतं आणि आवाज येत नाही ना, मला वाटलं, अरे, म्हणजे असं होतं. याचं पण असंच झालंय. मी वेडी नाही. मग तो रडला, आणि त्याच्या मागोमाग मी."

चिमणी तिच्याकडं बघत राहिली. "आवाज आला?"

"आला."

"तुझाच?"

"म्हणजे? माझाच."

चिमणीनं पिशवी मांडीवर घेतली. तिच्या बंदाला गाठ मारली, सोडली. मग काचेकडं बघत बोलली, फलाट सांगावा तशी.

"आईला न्यायला गाडी आली तेव्हा मला रडू आलं होतं. जिन्यात होते मी. तोंड उघडलं आणि आई म्हणून हाक मारली, तर ती त्या पोराची निघाली. अगदी तशीच. वरच्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, अय्या, सेम तसंच! दोन-तीन माणसं वळली. कोणीतरी हसलं. वाईट नव्हतं हसणं, ओळखीचं होतं. मी तोंड मिटलं. आता उघडायला गेलं की वाटतं, तोच येणार. माझं रडणं मी इथं देऊन बसले. आईसाठी काही ठेवलंच नाही."

मी तेव्हा खाली होते, जिना अरुंद आहे म्हणून गाडीवाल्याशी भांडत. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या वरच्या मजल्यावरच्या कार्टीचा गळा धरावा असं वाटलं, पण तिचा तरी काय दोष? मी चिमणीचा हात धरला. तो टेबलावर ठेवलेल्या कात्रीसारखा गार होता.

दिग्दर्शक खाली बघत म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हणाल तसं. काढतो."

चिमणीनं हनुवटीनंच त्या मुलीकडं खूण केली. "राहू दे. हिला लागतं ते."

बाहेर पडलो. चहा घेतला, तिनं अर्धा टाकला. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "ताई, तुझ्या टीव्हीवर लागेल का तो भाग?"

मी थबकले. "तू बघितलेला नाहीस?"

"तुकडे बघितलेत, आवाज बंद करून. मला ओठांशी मतलब. तोंड कधी उघडतं, कधी मिटतं. गोष्ट काय आहे मला नीट ठाऊक नाही."

जगाला रडवलं आणि हिला गोष्टच ठाऊक नाही! मी मुलाला फोन केला. कामावरून धावत आला. दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्ही आहे, समोर गिऱ्हाइकांच्या कपड्यांची चळत. ती बाजूला सारून आम्ही तिघं पलंगावर बसलो. भर दुपार होती, पुढचं शटर अर्धं उघडं.

सुरुवातीला माझं तोंड चालूच होतं. "बघ, रुतलं परत चाक." मुलानं मला कोपर मारलं. चिमणी बघत होती, पिशवी खांद्यावर. पोरगा एकेक दिवा लावत चालला होता. लांब एक जहाज थांबलेलं, त्यातून कोणी हाक मारत नव्हतं. तो शिडी चढला. आई फळ्यांवर पडलेली. पदर नाही, दागिना नाही, आपल्या आईसारखं तिच्यात काही म्हणता काही नाही. नुसती चार रेघांची बाई. एक हात मांडीवर, जसा कप धरलेला राहावा तसा. मी बोलायची थांबले.

पोरानं दिवा खाली ठेवला. त्याचं तोंड उघडलं.

आणि आवाज आला तो माझ्या शेजारून.

या खेपेला ती वेळेवर होती. टीव्हीतला आवाज मागून आला, आणि क्षणभर दोन्ही सारखेच, कुठला कोणाचा सांगता येईना. मग टीव्हीतला संपला. तेवढंच होतं त्यात. हिचा संपला नाही. तो पुढं गेला, फाटला, जाड झाला, त्यात घरघर आली, शेंबूड आला. पोराचं त्यात काही उरलं नाही. एक पन्नाशीची बाई आईला हाका मारत होती. असा तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

मुलगा रडत होता आणि रिमोट शोधत होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, राहू दे, चालू दे.

मी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. मग पुढं गेले आणि शटर पूर्ण ओढून घेतलं. बाहेरून कोणी "अय्या" म्हणायला नको. परत येऊन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "रड गं. दुकान बंद आहे."